विषय क्रमांक सात : मागची भिंत

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, त्याला सातशेहून अधिक वर्षं झाली. त्यानंतर मराठी मुलखातल्या भिंती जागच्या हललेल्या नाहीत. फक्त उंच झाल्या. आधी चार फूट, मग सहा, मग वर काचांचे तुकडे, मग काटेरी तार आणि आता तारेच्या वर कॅमेरा. कॅमेरा बंद असतो. त्याखालची ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ ही पाटी तेवढी चालू असते. पलीकडे कोण राहतं हे अलीकडच्यांना ठाऊक नसतं. पलीकडच्यांना मात्र अलीकडचं पाणी आपल्याकडे झिरपतं, एवढं पक्कं ठाऊक असतं.

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीची मागची भिंत याला अपवाद नव्हती. अलीकडे आमच्या तीन विंग, पलीकडे महापालिकेचं उद्यान आणि उद्यानाला लागून एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारती. उद्यानात ओपन जिम आहे. तिथली दोन यंत्रं करकरतात, उरलेली करकरतसुद्धा नाहीत. भिंत आमच्या बाजूने जेमतेम साडेचार फूट, पण पलीकडची जमीन खोल असल्यामुळे तिकडून चांगली सात फूट. संध्याकाळी तिच्यावर दोन्हीकडची पोरं बसायची. आमची आमच्याकडे तोंड करून, त्यांची त्यांच्याकडे. पाठीला पाठ लागलेली, डोकी मोबाइलमध्ये, ओळख शून्य. या बसण्याबद्दल कमिटीची वर्षानुवर्षं काहीही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती पोरं उठली तेव्हा.

उठली आणि उड्या मारायला लागली. भिंतीवरून, कठड्यावरून, उद्यानाच्या पायऱ्यांवरून. बी विंगमधल्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी निदान केलं, ‘पोरं घरफोडी शिकतायत.’ वॉचमनने शिट्टी वाजवली. पोरांना ती सुरुवात करायची खूण वाटली. शेवटी सेक्रेटरींनी कोणाकडून तरी या प्रकाराचं नाव विचारून घेतलं आणि नोटीस लावली, ‘मागील भिंतीवर पारकर करण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ ए विंगमधल्या पारकरांनी त्यावर लेखी खुलासा मागितला. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.

पार्कूर म्हणजे वाटेतल्या अडथळ्याला वळसा न घालता पळत, चढत, लोंबकळत, उडी मारत तो पार करणं. त्याला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही, फीसुद्धा लागत नाही. नेमक्या या तीन कारणांमुळे मराठी पालकांचा त्यावर विश्वास बसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी तर थेट भिंतीपाशी जाऊन चौकशी केली. ‘याला स्कोप काय? दहावीला ग्रेस मार्क आहेत का? सर्टिफिकेट कोण देतं?’ पोरं म्हणाली, ‘काका, सर्टिफिकेट नाही, पण भिंत ओलांडता येते.’ काका म्हणाले, ‘गेट उघडं असताना?’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर बरंच लांबून येतं, फ्रेंच नौदलातून. १९०२ साली कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सेंट-पियेर हे शहर काही मिनिटांत जळून गेलं. तीस हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे बचावकार्यात असलेला जॉर्ज एबेर हा नौदल अधिकारी पुढे व्यायामाच्या मागे लागला. नुसते दंड फुगवून आरशासमोर उभं राहणं त्याला मंजूर नव्हतं. पळा, चढा, उड्या मारा, ओझी उचला, पोहा आणि बळ कमवाल ते कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी कमवा, असा त्याचा हिशेब. फ्रेंच लष्करातले अडथळ्यांचे रस्ते त्याच्याच शिकवणुकीतून आले, आणि पार्कूर हे नाव त्या रस्त्यांच्या फ्रेंच नावावरून.

आपल्याला यात नवं काही वाटायचं कारण नाही. समर्थांनी गावोगावी मारुती बसवले ते याच हिशेबाने. मारुती अजून आहेत. समोरच्या आखाड्यांच्या जागी पार्किंग आलं आहे. शिवाय आमचा व्यवहारही सरळ आहे. समुद्र ओलांडून गेला त्याला शनिवारी तेल आणि रुईची माळ. पोरगं गटार ओलांडून गेलं तर पाठीत धपाटा.

एबेरच्या शिकवणुकीत वाढलेल्यांपैकी एक रेमों बेल. जन्म व्हिएतनाममधला, युद्धात पोरका झालेला, लष्करी शाळेत वाढलेला. तिथे रात्री इतर मुलं झोपली की हा अडथळ्यांच्या रस्त्यावर एकटा सराव करायचा, कारण दिवसा मोठी पोरं मारायची. पुढे तो पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. जानेवारी १९६९ मध्ये कोणीतरी रातोरात नोत्र-दाम चर्चच्या टोकदार शिखरावर व्हिएतकाँगचा झेंडा लावून ठेवला. इतक्या वर चढणार कोण? रेमों बेल हेलिकॉप्टरच्या दोरीला लटकला आणि झेंडा काढून घेऊन आला. आपल्याकडे अशा वेळी आधी तो भाग कोणाच्या हद्दीत येतो यावर बैठक झाली असती.

या रेमोंचा मुलगा डाव्हिद बेल, जन्म १९७३. पॅरिसच्या दक्षिणेला लीस नावाच्या गावात तो आणि त्याचे मित्र जमले. शेजारी एव्री हे नवं वसवलेलं शहर. जिने, पूल, कठडे, काँक्रीटच काँक्रीट. आखणी करणाऱ्यांनी गाड्यांचा विचार केला, कचेऱ्यांचा केला. पोरांनी संध्याकाळी जायचं कुठे, एवढा एक मुद्दा राहून गेला. (ठाण्याच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नसावी.) मग पोरांनी काँक्रीटच वापरायला घेतलं. १९९७ मध्ये त्यांच्यातल्या नऊ जणांनी ‘यामाकासी’ नावाचा गट काढला. सरावाचा नियम एकच, सुरुवात सगळ्यांनी मिळून आणि शेवटही सगळ्यांनी मिळून. ज्याचं झालं त्याने घरी जायचं नाही. ज्याचं होत नाहीये त्याच्या शेजारी जाऊन तेच पुन्हा करायचं.

इतकं उदात्त वाचल्यावर मराठी वाचकाच्या मनात येणारा प्रश्न मला कळतो. फुटलं कधी? वर्षभरात. कारण ऐकून तर मला गहिवरून आलं. नाटकावरून फुटलं! ‘नोत्र-दाम द पारी’ या संगीतिकेत काम करायचं की नाही, यावरून आणि पैशावरून मतभेद झाले आणि डाव्हिद बेल व सेबास्तियाँ फुकाँ बाहेर पडले. ज्या चर्चवरून बापाने झेंडा उतरवला, त्याच चर्चच्या नाटकावरून मुलाचं मंडळ दुभंगलं. मग रीतसर तीन नावं झाली. एकाचं पार्कूर, दुसऱ्याचं फ्रीरनिंग, उरलेल्यांचं ‘हालचालीची कला’. भिंत तीच, उडीही जवळपास तीच. गिरगावातून सुरू झालेल्या कुठल्याही नाट्यसंस्थेचा इतिहास यापेक्षा वेगळा नाही.

आणखी एक तपशील असा आहे की तो कळल्यावर फ्रान्स परका वाटेनासा झाला. त्या पोरांच्या सरावाचं एक ठिकाण म्हणजे तळ्याकाठचं एक प्रचंड शिल्प, नाव ‘तळ्याकाठची बाई’. पिएर सेकेली या शिल्पकाराने ते मुळात लोकांनी वर चढावं म्हणूनच बनवलं होतं. पुढे चढण्यावर बंदी आली आणि शिल्पाभोवती कुंपण घातलं गेलं.

पण बंदोबस्ताच्या बाबतीत आपण कोणाच्या मागे नाही. रायगडावरची हिरकणी आठवा. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला, अशी कथा आहे. सत्कार आणि बंदोबस्त, दोन्ही. आमच्या कमिटीने त्यातलं फक्त दुसरं कलम उचललं.

आमच्या लोकांनी पार्कूर पाहिलं होतं ते २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’ या बाँडपटात. तो क्रेनवरचा पाठलाग आठवत असेल. पुढे पळणारा, तो हाच सेबास्तियाँ फुकाँ. तो भिंतीच्या वरच्या फटीतून सुळ्ळकन निघून जातो आणि मागून येणारा बाँड सरळ भिंत फोडूनच बाहेर पडतो. त्यामुळे आमच्याकडेही पोरं एका विंगच्या गच्चीवरून दुसऱ्या विंगच्या गच्चीवर झेपावणार, अशी सर्वांची भीती आणि थोडी आशाही होती. खिडक्या-खिडक्यांतून लोक मोबाइल रोखून उभे राहिले.

निराशा झाली. रविवारी सकाळी साडेसहाला पोरं जमली आणि पाऊण तास फुटपाथच्या काठावर उड्या मारत बसली. काठ सहा इंच उंच. काळा-पिवळा रंगवलेला. एका काळ्या पट्ट्यावरून पुढच्या काळ्या पट्ट्यावर, दोन्ही पाय एकदम, चवड्यावर, आणि टेकले की हलायचं नाही. हलला की परत. याला ते प्रिसिजन म्हणतात. म्होरक्या म्हणजे कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करून थेट इकडे येणारा, चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. तो डोळे मिटून बाजूला उभा. मला वाटलं झोप लागली. तो म्हणाला, ‘ऐकतोय.’ उतरताना आवाज आला तर उडी कच्ची. गुडघ्यांनी, घोट्यांनी धक्का जिरवला की आवाज उरत नाही. स्वयंपाकघरात मांजर उतरतं तसं उतरायचं. आवाज झाला की तो डोळे न उघडता म्हणायचा, ‘डावा पाय आधी टेकला.’ आणि खरंच डावा आधी टेकलेला असायचा.

भिंतीची पाळी आली तेव्हा तिची आधी तपासणी. त्याने वरची कडा तळव्याने थोपटली, दोन्ही हातांनी ढकलून पाहिली, एक सैल वीट सापडली तिच्यावर खडूने फुली केली. खिशातून जुन्या बनियनचा तुकडा काढून शेवाळ पुसलं. पलीकडे उतरायच्या जागी काच, खिळा, कुत्र्याची कृपा काही आहे का ते पाहून आला. आमच्या भिंतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा आलेल्या गृहस्थांनी गाडीची काच खाली केली होती, एवढंच मला आठवतं. उद्यानातला कुठला पेव्हर ब्लॉक डुगडुगतो, हे या पोरांना तोंडपाठ आहे. एकदा ती फुलीवाली वीट त्यांनीच अर्धं पोतं सिमेंट आणून बसवली. सेक्रेटरींनी त्याबद्दल विनापरवानगी बांधकामाची नोटीस काढली.

खरी मजा पलीकडच्या सात फुटी बाजूला. पळत यायचं, भिंतीवर पाय देऊन वर जायचं, कडा पकडून लोंबकळायचं आणि कोपरं वर काढून अंग ओढून घ्यायचं. आमच्या सी विंगमधला एक गोलमटोल मुलगा कडेपर्यंत पोहोचायचा आणि तिथे लटकून राहायचा. वर नाही, खाली नाही. बाकीच्यांचं केव्हाच झालेलं. पण यामाकासीचा नियम इथे कसा पोचला कोण जाणे, कोणी घरी जाईना. एसआरएमधली दोघं भिंतीवर बसून त्याला कोपर कुठे टेकवायचं ते दाखवत होती. शेवटी वरून आवाज आला, ‘अरे, आधी छाती वर आण! पाय कशाला झाडतोस?’ बी विंगच्या काकू! हातात लाटणं, खिडकीच्या ग्रिलला नाक लावून. घरफोडीचं निदान यांचंच. पण रोज ओट्यापाशी उभ्या राहून समोर तेच पाहायचं म्हटल्यावर माणूस जाणकार होणारच. आपल्याकडे बॅट न धरलेला माणूससुद्धा सचिनचं चुकलं कुठे हे सांगतो. आता काकू बाजारात भेटल्या की सांगतात, ‘त्या निळ्या टीशर्टवाल्याचा काँग सुंदर आहे हो, पण लँडिंग जड.’ काँग म्हणजे दोन्ही हात भिंतीवर टेकवून पाय हातांच्या मधून काढणं. मी घरी येऊन पाहिलं. काकूंचं बरोबर आहे.

यातल्या एका मुलीने सीए फाउंडेशन दोनदा दिली आहे आणि दोन्हीदा ती आपटली आहे. तिची पडायची पद्धत सगळ्यांत चांगली. उंचावरून उतरलं की खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरकं लोळायचं, म्हणजे मणका वाचतो. ‘क्लासवाले पास कसं व्हायचं तेवढं शिकवतात, आपटायचं कसं ते इथेच शिकले,’ असं ती हसत सांगते. तिसऱ्यांदा फॉर्म भरला आहे म्हणे. गोदामातला मुलगा दहावीनंतर शाळेत गेलेला नाही. आता रविवारी त्याला तेरा-चौदा जण ‘सर’ म्हणतात. सोमवारी रात्री गोदामात त्याला ‘ए’ म्हणतात.

लोळण्याच्या सरावासाठी खाली काही अंथरायला हवं होतं. तेवढ्यात एका स्थानिक पुढाऱ्याने ‘युवा शक्तीला’ शुभेच्छा म्हणून वीस फुटी फ्लेक्स पाठवला. त्यावर साहेब, त्यांचे साहेब, आणि कडेने टिकल्यांएवढे सतरा शुभेच्छुक. पोरांनी तो फ्लेक्स आदरपूर्वक उलटा करून जमिनीवर अंथरला. लोळण फार छान लागते.

आता मंडळी जमली म्हटल्यावर मंडळ होणार हे ओघानेच आलं. व्हॉट्सॲप गट झाला, त्यावर गुड मॉर्निंगला बंदी आली, टीशर्टच्या रंगावरून पहिला रुसवा झाला. पण या मंडळाला पावतीपुस्तक नव्हतं. हे पाहून बँक मॅनेजर काकांना राहवेना. ते मुळात भांडायला जात होते. भांडण्यासाठी ‘आपला मल्लखांब असताना हे फ्रेंच कशाला?’ हा मुद्दा त्यांनी तयार ठेवला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं, इथपासून २०१९ साली शिवाजी पार्कला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, इथपर्यंत ते बोलले. एसआरएमधला एक मुलगा पाचवीपासून मल्लखांब करणारा निघाला. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, मल्लखांबाला खांब पुरावा लागतो, वस्ताद लागतात, जागा लागते. आमच्याकडची जागा गेली. भिंत आहे.’

काकांनी विषय बदलला आणि जागतिक स्पर्धा आहे का, असं विचारलं. आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१८ मध्ये पार्कूर आपल्या पंखाखाली घेतलं आणि २०२२ मध्ये टोकियोला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. यावर जगभरच्या पार्कूरवाल्यांनी ‘आम्ही जिम्नॅस्टिक्स नाही’ म्हणून आरडाओरड केली, कारण गुण आले की ज्याचं होत नाहीये त्याच्यासाठी थांबणार कोण? वाद मोठा आहे आणि माझं मत विचाराल तर ओरडणाऱ्यांचं खरं आहे. काकांनी मात्र त्यातला ‘टोकियो’ एवढाच शब्द उचलला. दुसऱ्या रविवारी ते हजेरीपट घेऊन आले. त्यात अनुक्रमांक, नाव, विंग अथवा इमारत, वेळ, शेरा असे रकाने. शेऱ्यात ‘डावा गुडघा सांभाळणे’ अशा नोंदी. सोबत आयोडीन आणि क्रेप बँडेजचा डबा.

काका स्वतः उडी मारत नाहीत. लंडनमध्ये साठीच्या पुढच्यांसाठी पार्कूरचे वर्ग घेतले गेले आहेत, तिथे भिंतीबिंती नसतात, तोल सांभाळणं, खाली बसणं आणि जमिनीवरून उठणं एवढंच असतं, हे त्या सीए मुलीने त्यांना सांगितलं. तेव्हापासून काका उलट्या फ्लेक्सवर बसायला आणि हाताचा आधार न घेता उठायला शिकतात. ज्येष्ठ नागरिक संघाचे आणखी चौघे येऊ लागले आहेत. त्यांच्या उठण्याला आवाज येतो, पण तो जमिनीवरून येत नाही, गुडघ्यातून येतो, म्हणून म्होरक्या सूट देतो.

आणि मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. विषय क्रमांक सात, ‘मागील भिंतीवर काचा बसवणेबाबत’. तीन कोटेशनं आली होती. खजिनदार म्हणाले, सिंकिंग फंडातून करू. कोणीतरी विचारलं की पोरगं पडून पाय मोडला तर जबाबदार कोण? हा प्रश्न खरा होता, त्याला टाळ्या नाहीत. काकांनी उभं राहून पालकांची संमतिपत्रं वाचली, हजेरीपटावरून वर्षभरातल्या दुखापती सांगितल्या (घोटे दोन, खरचटणे किरकोळ) आणि त्याच काळात ए विंगच्या जिन्यात बंद दिव्यामुळे घसरून पडलेल्या सभासदांची संख्याही सांगितली. ती जास्त होती. बी विंगच्या काकूंनी काचा कोणत्या बाजूने लावणार, असं विचारलं. वरून, असं उत्तर आलं. ‘म्हणजे पोरांच्या तळहातात. मग मी सही करणार नाही.’ पारकरांनी या संधीचा फायदा घेऊन नोटिशीचा खुलासा पुन्हा मागितला. तोवर खालून बटाटेवड्यांचा वास यायला लागला होता. विषय क्रमांक सात पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत बहुमताने तहकूब झाला. सोसायटीच्या भाषेत याचा अर्थ ज्यांना कळायचा त्यांना कळला.

वाचकांपैकी कोणी सोसायटीच्या कमिटीवर असतील, त्यांना एवढीच विनंती. तुमच्याही मागच्या भिंतीवर पोरं उड्या मारायला लागली तर काचांची कोटेशनं जरूर मागवा. नियमाप्रमाणे तीनच मागवा, फाइलला लावा. विषय मात्र सर्वांत शेवटी घ्या, वडे आल्यावर.